इनटेक-एक्झॉस्ट बदलल्यापासून गाडी गचके मारते, ट्यून करूनही पंधरा दिवसांनी परत तेच: आधी काय तपासायचं आणि मग पिगीबॅक की रिमॅप

कळव्याला माझं छोटं गॅरेज आहे, त्याआधी वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. ही एकच तक्रार घेऊन ठाणे, ऐरोली, कोपरखैरणेकडून इतक्या गाड्या आल्यात की आता फोनवर दोन वाक्यं ऐकली तरी घोडं कुठं पेंड खातंय त्याचा अंदाज येतो. दर वेळी तोंडाने तेच सांगतो म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

लक्षणं

गाडी थंड असताना बरी चालते, गरम झाली की सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा वरखाली नाचतो. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू अॅक्सिलरेटर दिला की मध्येच गॅप येतो, मागून कोणी धरून ठेवल्यासारखं वाटतं आणि मग एकदम सुटते. गायमुखच्या चढाला किंवा महापेवरून शिळफाट्याला जाताना तिसऱ्यात पाय दाबला तर आवाज भरपूर पण गाडी ओढत नाही. अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट फटाके. १५ चं अॅव्हरेज ११ वर आलेलं. चेक इंजिनची लाइट कधी येते कधी आपोआप जाते, कोड वाचला तर बहुतेक वेळा पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), किंवा पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), कधीतरी उलटं पी०१७२ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त).

आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, ज्यासाठी हे सगळं लिहितोय: कोणीतरी सांगितलं म्हणून बॉक्स लावला (पिगीबॅक, म्हणजे सेन्सर आणि इंजिनच्या कंप्युटरच्या मध्ये बसून सिग्नल बदलणारा) किंवा फाइल टाकून घेतली (रिमॅप, म्हणजे त्या कंप्युटरच्या आतली टेबलंच बदलणं), आठ-पंधरा दिवस गाडी मस्त पळाली आणि मग हळूहळू परत तोच गॅप, तेच गचके. तुमच्या गाडीचं असं झालं असेल तर पुढचं नीट वाचा आणि तोपर्यंत दुसरा बॉक्स घेऊ नका.

पंधरा दिवसांनीच का येतं

ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटर, तो काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप लागतं. नेहमीच्या चालवण्यात एक्झॉस्टमधला ओटू सेन्सर सतत सांगत असतो की ऑक्सिजन जास्त उरला की कमी, आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल थोडं वाढवतो थोडं कमी करतो, याला क्लोज्ड लूप म्हणतात. तेवढ्यापुरती केलेली दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि तीच दुरुस्ती परत परत करावी लागली की ईसीयू ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. आता तुम्ही बॉक्स लावून सेन्सरचा सिग्नल बदलला आणि जास्त पेट्रोल पाठवलं, की ओटू सेन्सरला ते दिसतं, ईसीयू म्हणतो पेट्रोल जास्त होतंय, रोज थोडं थोडं कमी करत जातो आणि काही दिवसांत तुमच्या बॉक्सची अर्धी करामत पुसून टाकतो. बॉक्स बिघडलेला नसतो, ईसीयू त्याचं काम करत असतो. आणि बॉक्स लावायच्या आधी जी चूक गाडीत होती, फाटलेला होज म्हणा गळका गॅस्केट म्हणा, ती तशीच बसलेली असते. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

फुल थ्रॉटलला मात्र बहुतेक गाड्या ओटू सेन्सरचं ऐकणं सोडून ठरलेल्या टेबलप्रमाणे पेट्रोल देतात, ते ओपन लूप. म्हणून काही गाड्या गावात गचके खातात आणि हायवेला ठीक पळतात, काहींचं अगदी उलटं. तुमची कुठल्या वेळी करते ते दोन दिवस नीट लक्ष देऊन बघा आणि लिहून ठेवा, अर्धं निदान तिथेच होतं.

पहिली तपासणी: टाकीत काय आहे

याला एक पैसा लागत नाही आणि तरी कोणी विचारत नाही. देशात जून २०२२ पर्यंत पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल आलं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, दहा टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १४.१, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तुमची फाइल जर दहा टक्क्यांच्या काळातल्या पेट्रोलवर बसवलेली असेल तर आज तीच गाडी फुल थ्रॉटलला चार-पाच टक्के लीन जाऊ शकते, आणि यात तुमची किंवा ट्यूनरची कोणाचीच चूक नाही. गावात फिरताना क्लोज्ड लूप हे सांभाळून घेतं, दमदार चालवताना सगळ्याच गाड्या सांभाळत नाहीत. टर्बो गाडीला चार-पाच टक्के ही किरकोळ गोष्ट नाही.

म्हणून फाइल कधीची, तेव्हा कुठलं पेट्रोल होतं, ट्यूनरने ९५ किंवा १०० ऑक्टेनचं घालायला सांगितलं होतं आणि तुम्ही साधं घालताय का, हे आधी आठवा. १०० ऑक्टेनच्या फाइलवर साधं पेट्रोल घातलं की नॉक (मिश्रण आपोआप भडकणं) ओळखणाऱ्या सेन्सरमुळे ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचतो आणि गाडी मेल्यासारखी वाटते, लोकांना वाटतं फ्यूलचा प्रॉब्लेम.

सीएनजी किट असलेल्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे अशा गाड्या खूप. बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल किट हे एका अर्थाने पिगीबॅकच आहे, ते पेट्रोल इंजेक्टरचा पल्स पकडून त्यावरून गॅस देतं. किटचं सेटिंग चुकलेलं असेल तर गॅसवर चालताना पेट्रोलच्या ईसीयूची लाँग टर्म ट्रिम बिघडते, आणि मग पेट्रोलवर टाकली की गाडी गचके मारते. त्यांनी आधी किटवाल्याकडे जाऊन सेटिंग नीट करून घ्यावं, पेट्रोल ट्यूनचा विचार नंतर.

दुसरी तपासणी: स्कॅनर लावून ट्रिम वाचा

पाचशे-हजार रुपयांत ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो, फोनवर अॅप टाका, झालं. आपल्याकडे २०१३ पासूनच्या कारना ओबीडी-२ आहे त्यामुळे बहुतेकांना चालेल. हा खर्च टाळू नका, याशिवाय पुढचं सगळं अंधारात चाचपडणं आहे.

कोड असेल तर पुसायच्या आधी फोटो काढा, त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम असते तिचाही, म्हणजे कोड आला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती गरम ते कळतं. मी कितीतरी वेळा पाहिलंय की माणूस कोड पुसून येतो आणि मग आम्ही दोघं कोरी पाटी बघत बसतो.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एसी बंद करून आयडलला (उभ्या गाडीत, अॅक्सिलरेटर न देता) दोन्ही ट्रिम लिहा, मग २५०० आरपीएमला मिनिटभर धरून परत लिहा, मग शेजारी कोणाला तरी बसवून चढावर त्याला वाचायला सांगा. चालवताना स्वतः फोन बघू नका. अधिक आकडा म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. दोन्हींची बेरीज उणे-अधिक पाचच्या आत असेल तर छान, दहापर्यंत चालून जातं, वीस-पंचवीसच्या आसपास गेली की लाइट येते.

आयडलला अधिक १८ आणि २५०० ला अधिक ४ असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय. कारण भोकातून येणारी हवा तेवढीच राहते, आयडलला एकूण हवाच कमी म्हणून ती जास्त भरते, आरपीएम वाढला की तिचा वाटा घटतो. आयडलला बरोबर आणि चढावर अधिक वाढत गेली तर पेट्रोल पुरत नाहीये, पंप किंवा फिल्टर, नाहीतर मॅफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर, हवा कमी मोजतोय. सगळीकडे सारखीच अधिक असेल तर मॅफ, एक्झॉस्टची गळती किंवा वर सांगितलेलं इथेनॉल. उणे असेल तर गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) किंवा पेट्रोलचं प्रेशर जास्त.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या गाडीला मॅफ नाही, मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर आहे, तिच्यात हवेची गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही कारण आत आलेली हवा सेन्सरला दिसतेच, तिथे आयडलचा आरपीएम चढलेला राहतो. एअर फिल्टरच्या डब्यानंतर पाइपात वायरचा कनेक्टर असलेला सेन्सर बसवलेला आहे का बघा आणि मॅन्युअलमधून खात्री करा, कारण काही गाड्यांना तिथे फक्त हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो.

तिसरी तपासणी: फिल्टर, पाइप, क्लॅम्प

बॉनेट उघडा आणि फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत प्रत्येक क्लॅम्प हाताने फिरवून बघा. फिरला तर तो सैल आहे. नवीन इनटेक बसवणारे घाईत रबराची कपलिंग तिरकी बसवतात, वरून दिसायला ठीक आणि खालून नखभर फट. बोट खालून फिरवा.

तेल लावलेला कॉटनचा फिल्टर असेल तर त्याचं जास्तीचं तेल मॅफच्या तारेवर बसतं, तार हवेने थंड होण्यावरून हवा मोजते, त्यावर तेल-धुळीचा थर बसला की वेग वाढल्यावर हवा कमी मोजली जाते आणि गाडी लीन जाते. मॅफ क्लीनरचाच स्प्रे मारा, कार्ब क्लीनर नाही, बोट नाही, कापूस नाही, आणि पूर्ण वाळू द्या. आणि मॅफचा पाइपच मूळपेक्षा जाड घेतला असेल तर तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो, सेन्सर कमी आकडा देतो, तिथे साफ करून काही होणार नाही, तिथे खरंच ट्यून लागेल. हे दोन वेगळे रोग आहेत, लक्षण एकच.

उघडा कोन फिल्टर लावलेल्यांनी स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा. घोडबंदर रोडला मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभं राहिलं की बॉनेटखालची हवा साठ अंशांच्या वर जाते, ईसीयू टायमिंग मागे घेतो, पिकअप मरतो. सकाळी सहाला तीच गाडी उडते. हा फ्यूलचा दोष नाही, मूळ डबा परत बसवा किंवा बाहेरून थंड हवा येईल असा बंदिस्त पाइप करा.

चौथी तपासणी: व्हॅक्यूम होज

हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला, हॅचबॅक, कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि दुसरीकडून लावलेला पिगीबॅक. तिसऱ्यांदा तोच बॉक्स सेट करून आणलेला. म्हणाला, "दादा, तू रिमॅपच करून टाक आता, कंटाळलो." मी म्हटलं, "अरे थांब, पाच मिनिटं दे मला." ट्रिम बघितली, आयडलला अधिक २१, २५०० ला अधिक ५. पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) होज, अंगठ्याएवढा जाड, एल आकाराचा, वरून काळा चकचकीत. जागेवर असताना काहीच दिसत नव्हतं. टोकाकडून थोडा वाकवला आणि वळणाच्या पोटात चीर उघडली, आत रबर राखाडी पडून भेगाळलेलं, माशाच्या कल्ल्यासारखं उघडतंय मिटतंय. त्याने माझ्या हातातून घेऊन दहा वेळा वाकवून बघितलं. होज बदलला, बॉक्स काढून ठेवला, ट्रिम शून्य केली. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

तर होज नुसते बघू नका, वाकवून बघा. पीसीव्ही, ब्रेक बूस्टरचा मोठा पाइप, पर्जची बारीक नळी, आणि बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दाखवणारं गेज लावलं असेल तर त्यासाठी मारलेला टी. तेलाची वाफ आणि बॉनेटखालची उष्णता, रबर चार-पाच वर्षांत कडक होतं. सापडत नसेल तर साबणाचं पाणी बाटलीत भरून आयडलला जोडांवर फवारा, आरपीएम बदलला की तीच जागा. कार्ब क्लीनर मारून शोधतात ते मला माहिती आहे, पण तो ज्वालाग्राही आहे आणि शेजारीच तापलेलं मॅनिफोल्ड असतं, घरी करू नका. त्यापेक्षा गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, धूर जिथून निघतो तिथे वादच उरत नाही.

पाचवी तपासणी: ओटू सेन्सरच्या आधीची एक्झॉस्ट गळती

हेडर किंवा डाउनपाइप (इंजिनला लागूनचे एक्झॉस्टचे पाइप) बदललेल्या गाड्यांत हे हमखास. लोकांना वाटतं एक्झॉस्ट गळतो म्हणजे आतला वायू बाहेर येतो. तो येतोच, पण दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन म्हणतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, प्रत्यक्षात गाडी रिच चालते. म्हणून स्कॅनर लीन दाखवतो आणि सायलेन्सरच्या तोंडाला काजळी, अॅव्हरेज पडलेलं. याच्यावर कोणी ट्यून करून आणखी पेट्रोल घातलं तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं आणि कॅट-कॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जळतो.

पहाटे गाडी थंड असताना चालू करा आणि फ्लँजजवळ कान द्या, टिक टिक टिक असा बारीक आवाज येतो, गरम झाल्यावर लोखंड फुगून तो बंद होतो म्हणून दुपारी कळत नाही. जोडाजवळ काळी रेघ उमटलेली दिसेल. गॅस्केट बदला, वेल्ड तडकलं असेल तर परत मारून घ्या.

कॅट काढल्यावर येणारा पी०४२० हा मागच्या सेन्सरचा कोड आहे, त्याचा इंधनाशी संबंध नाही. आणि कॅट काढूच नका, पीयूसीला अडकता आणि मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी बदलता येत नाही, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हेच पहिलं काढतात.

सहावी: प्लग, कॉइल, वायरिंग

मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो आणि सेन्सर त्यालाही लीनच म्हणतो. म्हणजे दोष स्पार्कचा आणि कोड पेट्रोलचा. प्लग काढून गॅप मोजा, बूस्ट वाढवलेल्या गाडीला गॅप थोडा कमी लागतो नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते. पोर्सलिन पांढरंफटक आणि त्यावर मिऱ्याएवढे नाही, त्याहून बारीक चमकदार ठिपके दिसले तर तिथेच थांबा, ते नॉकिंगचं लक्षण आहे, त्याबद्दल खाली.

पिगीबॅक लावलेला असेल तर त्याचे जोड बघा. वायर न कापता दाबून बसवायचे निळे क्लिप मिळतात, त्याने जोडलेलं एकही काम मला दोन पावसाळे टिकलेलं दिसलं नाही. आपली खाडीकाठची दमट हवा, ऐरोलीच्या एका गाडीचा क्लिप उघडला तर आत तांबं हिरवं होऊन भुकटी पडली. सिग्नल कधी जातो कधी येतो, आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतो. सोल्डर करून हीटश्रिंक चढवा, किंवा गाडीचेच कनेक्टर असलेली वायरिंग घ्या.

सातवी: पेट्रोलचं प्रेशर

इथून पुढे घरचं काम संपतं. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत रेलला साधारण तीन ते चार बार असतं, गेज लावून लोडखाली ते टिकतं का बघतात. टाकीतला पंप थकला किंवा जाळी चोंदली की आयडलला ठीक आणि चढावर पडतं. पण डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाडीत, म्हणजे बऱ्याचशा नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत, इंजिनवरच्या लाइनमध्ये शंभर-दोनशे बार दाब असतो, त्या लाइनला पान्हा लावायचा नाही. एवढ्या दाबाची धार कातडी फोडून आत जाते.

आता सगळं स्वच्छ आहे, ट्रिम पाचच्या आत आहे, तरी ट्यून करायचंय किंवा खरंच लागतंय

मूळ एअरबॉक्समध्ये चांगला फिल्टर आणि कॅटच्या मागचा सायलेन्सर बदलला, एवढंच केलं असेल तर काहीच लागत नाही, ईसीयू ते सहज सांभाळतो. हे ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं पण खरं तेच आहे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी चिप म्हणून जी वस्तू येते तिच्यात बहुधा एक रेझिस्टर असतो, तो ईसीयूला हवा आहे त्यापेक्षा थंड सांगतो म्हणून पेट्रोल थोडं वाढतं. क्लोज्ड लूप ते पुसून टाकतं आणि उन्हाळ्यात जेव्हा टायमिंग मागे यायला हवं तेव्हा ते येत नाही. लावू नका.

फ्यूल प्रेशर रेग्युलेटर वाढवणं ही जुनी पद्धत. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे तीनचं चार बार केलं तर सुमारे १५ टक्के पेट्रोल वाढतं, पण ते सगळीकडे वाढतं, आयडललाही. ईसीयू गावात ते कमी करत बसतो आणि फुल थ्रॉटलला अंदाजे राहतं. जुन्या गाड्यांवर मी हे केलंय, आता कोणाला सुचवत नाही.

पिगीबॅक बॉक्स वाईट नाही, चुकीच्या गाडीला लावतात म्हणून बदनाम आहे. टर्बो गाडी, बाकी सगळं मूळ, वॉरंटी शिल्लक, थोडा बूस्ट हवाय आणि सर्व्हिसला जाताना काढून ठेवायचाय, तर बरा पर्याय आहे. तो ईसीयूला बूस्ट कमी आहे असं सांगतो, ईसीयू बूस्ट वाढवतो. पण साधा बॉक्स टायमिंगला हात लावत नाही, आणि बूस्ट हावरटपणे वाढवला की गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. वॉरंटी शाबूत राहील असं मात्र धरून चालू नका, काढला तरी ईसीयूत खुणा राहू शकतात. आणि नॅचरल अॅस्पिरेटेड (विनाटर्बो) गाडीला, जिथे तो फक्त मॅफ-मॅपचा आकडा फिरवतो, तिथे पंधरा दिवसांची गोष्ट वर सांगितलीच.

रिमॅप म्हणजे ईसीयूच्या आतली मूळ टेबलंच बदलणं, इंधन, टायमिंग, बूस्ट, टॉर्कची मर्यादा सगळं. जाड इनटेक, हेडर, मोठा डाउनपाइप अशा गाडीला हेच योग्य, कारण हवेचं मोजमापच बदललेलं असतं आणि ते मोजमाप जिथे लिहिलंय तिथेच दुरुस्त करायला हवं. मग ईसीयू आपल्याच दुरुस्तीशी भांडत नाही, महिन्याने दीड महिन्याने ट्रिम बघितली तरी जागेवर. पण तयार फाइल आणि तुमच्या गाडीवर बसवलेली फाइल यात फरक आहे. ट्यूनर वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा ओटू सेन्सर) लावतो का विचारा. गाडीचा साधा नॅरोबँड सेन्सर फक्त लीन की रिच एवढंच सांगतो, १३ असो की ११ त्याला दोन्ही सारखंच, नऊ दशांश व्होल्टच्या आसपास. त्याच्यावर बघून फुल थ्रॉटलचं ट्यून करणारा माणूस अंदाज मारतोय. आणि आकडे लॅम्ब्डामध्ये (त्या पेट्रोलला लागणारं बरोबर प्रमाण म्हणजे १, त्याखाली रिच) मागा कारण १४.७ च्या भाषेतला आकडा आजच्या पेट्रोलला फसवतो. पूर्ण पाय दाबल्यावर टर्बो नसलेल्या गाडीला साधारण ०.८६ ते ०.९०, टर्बोला त्याहून रिच. मूळ फाइलची कॉपी मागून स्वतःकडे ठेवा, सर्व्हिस सेंटरला ईसीयू अपडेट झाला तर तुमची फाइल पुसली जाते हेही लक्षात असू द्या, आणि वॉरंटी जाऊ शकते.

स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे कंपनीचा काढून पूर्ण वेगळा बसवलेला, फक्त इंजिन बदललंय, मोठा कॅम टाकलाय, विनाटर्बो गाडीला टर्बो चढवलाय अशांसाठी. इमोबिलायझर, एसी, मीटर सगळं नव्याने जुळवावं लागतं, ओबीडी जातं, थंड सकाळी नीट चालू होण्यासाठीच आठवडे जातात. रोज वाशीला ऑफिसला जायच्या गाडीला हे नको.

कुठे थांबायचं

चेक इंजिन लाइट नुसती पेटलेली असेल तर चालवत गॅरेजला जा. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या, मिसफायरचं कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं. केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला तर चालूच करू नका. लोडवर डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक आवाज आला, प्लगवर ते चमकदार ठिपके दिसले, किंवा बूस्टवर लीन आकडा दिसला तर पाय काढा आणि परत तपासायला म्हणून दाबू नका. मी असा एक पिस्टन हातात धरलाय, कडेचा नखाएवढा भाग उंदराने कुरतडल्यासारखा गेलेला आणि बाकी माथा चकाकत होता. मुलाचे वडील शेजारी उभे होते, त्यांनी काही न बोलता तो कागदात गुंडाळून नेला. त्या गाडीला आधी एका चढावर टकटक ऐकू आली होती, आणि तिला तशीच आणखी दोन आठवडे पळवली.

फुल थ्रॉटलचे लॉग पाम बीच रोडवर रात्री घ्यायला जाऊ नका, घोडबंदरला तर नाहीच. ते डायनोचं (जागेवर रोलरवर गाडी पळवून मोजायच्या मशीनचं) काम आहे, तेवढे पैसे द्या.

ट्यूनरकडे जाताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका, काय काय बदललंय, कधी, कुठला प्लग, कुठलं पेट्रोल, सीएनजी आहे का, सगळं सांगा आणि ट्रिमचा कागद पुढे ठेवा. जो माणूस स्कॅनर न लावता किती बीएचपी वाढेल ते सांगतो त्याच्याकडून गाडी परत न्या. जो आधी स्मोक टेस्ट करू म्हणतो त्याच्याकडे ठेवा.

तो फाटक्या होजवाला मुलगा महिन्याने परत आला, ट्रिम आयडलला अधिक ३, चढावर अधिक २, अॅव्हरेज साडेचौदा. रिमॅप करायचाच म्हणत होता, मी म्हटलं हेडर घेशील तेव्हा ये. बॉक्स त्याने विकला, त्या पैशात पुढचे दोन टायर आले.